नंदाच्या वाट्याची सावड

आधी माफी मागून घेते. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व कुठे द्यायचा आणि दीर्घ कुठे, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता वयाच्या या टप्प्यावर कळेल असं वाटत नाही. अक्षर म्हणाल तर राखेत कोंबडी नाचून जावी तसं. पण हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या घशाला कोरड पडते. कागदासमोर पडत नाही, एवढंच कारण.

डिंगोरे गावाच्या पुढे मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथे मी स्वयंपाकाला होते. बरीच वर्षं काढली. पोरी मला मावशी म्हणत. अजूनही जुन्नरच्या बाजारात एखादी लेकुरवाळी बाई "मावशी" म्हणून हाक मारते. तोंडावरून ती मला ओळखू येत नाही. किती भाकरी खायची ते सांगितलं की लगेच ओळखते.

स्वयंपाकाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सांगायचं आहे ते पोहण्याचं, आणि त्यातही न पोहण्याचं.

आमच्या शाळेत खेळाचे एक सर आले. मुलींना पोहण्याच्या स्पर्धेला उतरवायचं त्यांच्या मनात होतं. पोरी पाण्यात असताना काठावर एक बाई हवी, असं वरून सांगणं होतं. पोहता कोणाला येतं, असं सरांनी विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण आदल्याच महिन्यात बापूंच्या विहिरीत घागर पडली होती आणि तिच्यामागे मी लुगड्यासकट उडी मारली होती. माझं माहेर मढचं, नदीकाठचं, पाण्याची भीती आम्हाला नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडेपर्यंत सर पुढच्या विषयावर गेले होते. अशी मी या धंद्यात आले.

बापू म्हणजे डिंगोऱ्यातले मोठे शेतकरी आणि बैलगाड्याचे नादी. त्यांचे बैल यात्रांमधून घाटात पळायचे. बाहेरच्यांसाठी सांगते, शर्यतीची जी चढाची धाव असते तिलाच आमच्याकडे घाट म्हणतात. बापूंची विहीर चांगली ऐसपैस, पायऱ्यांची. नवशिक्या पोरी आम्ही तिथे शिकवायचो. पाठीला पांगाऱ्याचा ओंडका नाहीतर तोंड झाळलेला डालड्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. तयार झालेल्या पोरी धरणावर जायच्या. तिथे सरांनी दोन प्लॅस्टिकची पिंपं दगड बांधून पाण्यात उभी केली होती आणि मध्ये दोरी ताणली होती. या पिंपापासून त्या पिंपापर्यंत, परत, आणि परत.

एक पोरगी होती. तिला पोहणं चांगलं जमायला लागलं, पण डबा सोडायला तयार होईना. डब्याला हात लावला की रडायची. मग मी काय केलं, एके दिवशी गुपचूप डब्याला खिळ्याने दोन भोकं पाडली. पाण्यात उतरली की डबा भरायचा. तिला तरंगवणारा डबा आता तीच ओढत होती, आणि तिला पत्ता नाही. पंधरवडा तशी पोहली. मग तिला भोकं दाखवली आणि डबा सोडला. ती त्या कडेपासून या कडेला अशी सुटली की माझ्या हातातला दोर सुरकन निसटून गेला.

सर पायरीवर बसून हे बघत होते. म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला जे समजावत होतो ना, ते हेच."

ते समजावत होते ते असं. स्पर्धेची तयारी म्हणजे महिनोन्‌महिने रोज सकाळ-संध्याकाळ पोहायचं, अंतर वाढवत न्यायचं. त्याने ताकद येते, पण थकवाही साचत जातो. ताकद आतमध्ये असते, वर थकव्याचा भरलेला डबा बांधलेला असतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पोहणं कमी करत आणायचं. थांबवायचं नाही. पूर्ण थांबलं तर हात पाणी विसरतो. अंतर कमी करायचं, पण जे थोडं पोहायचं ते शर्यतीच्याच वेगाने. मग ऐन दिवशी डबा सुटतो.

मला हे ऐकताना पटलं होतं. पण ऐकलेलं पटणं वेगळं आणि रिकामी बसलेली पोर डोळ्यांना सोसणं वेगळं.

आता नंदाबद्दल. नंदा आंबेगावच्या डोंगरातली, आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीतली. बारीक, काळीसावळी, हात मात्र लांबच लांब. ती पाण्यात असली की आवाज यायचा नाही. बाकीच्या पोरी पाणी बडवायच्या, ही पाण्याला बाजूला सारून जागा मागितल्यासारखी जायची. जिल्ह्याला पहिली आली आणि राज्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. तिथे जी पहिल्या तिघींत येईल तिला सरकारच्या खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. खाणं, शाळा, तलाव, सगळं तिथेच.

खर्चाचा प्रश्न आला. मुलीचं आणि सरांचं भाडं शाळा देणार, पण सोबतच्या बाईचं कोण देणार? शिवाय पोहण्याचा नवा पोशाख हवा होता, आणि चार दिवस आधी जाऊन फरशीच्या तलावाची सवय करायला हवी होती. बापूंना हे कळलं. त्यांनी बंडीच्या खिशातून नोटा काढून माझ्या हातात दिल्या. किती ते सांगत नाही, पण माझ्या पगाराच्या मानाने भीती वाटावी एवढ्या होत्या.

मी कशीबशी म्हटलं, "बापू, हे मी कधी फेडणार?"

"पोरगी जितली तर फेड. पै न्‌ पै घेईन. हारली तर खुराकात गेलं असं समजायचं. हारल्या बैलाचा खुराक कोन परत मागतं का?"

स्पर्धा भात कापणीच्या दिवसांत आली. सरांनी नंदाचं पोहणं निम्म्यावर आणलं, मग त्याच्याही निम्म्यावर. दुपारभर पोरगी मोकळी. आमच्याकडे मोकळी पोर दिसली की हाताला काम देतात, त्यात वाईट काही नसतं, जीव लावण्याचीच ती रीत आहे. मी तिला दळण निवडायला बसवलं. पाण्याचे हंडे भरायला लावले. तिच्याबरोबर आणखी एक जलद पोरगी होती, शांता, तिला तर जिल्ह्याच्या आधीच्या मोकळ्या दिवसांतही मी हेच करायला लावलं होतं. तेवढ्यात नंदाचे वडील, किसनदादा, गेटाशी उभे राहिले.

"सरांनी पवायला सुट्टी दिलीया म्हनं. मग चार दिस नेतो हिला. भात लई पिकलंय, दाना झडतोय."

किसनदादा चांगला माणूस. बायको पाठीने अधू, हाताखाली दुसरं कोणी नाही. मी अधीक्षिका बाईंना सांगून तिला पाठवून दिलं. सर त्या दिवशी पंचायतीच्या कामाला गेले होते. आल्यावर त्यांनी विचारलं, नंदा कुठे आहे. मी सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

दिवसभर वाकून विळा चालवल्यावर माणसाची कंबर कशी होते ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. नंदा परत आली ती चालतानाही थोडी वाकून. करंगळीला चिंधी बांधलेली.

तलावावर गेलो तर तिथे नवंच. नंदा काठावर उभी राहून खाली बघत होती आणि उतरेना. म्हणाली, "मावशी, तळ दिसतोय." आयुष्यभर ती धरणाच्या गढूळ पाण्यात पोहलेली, जिल्ह्याच्या तलावाचं पाणीही हिरवट होतं. तळ दिसल्यावर तिला उंचावरून पडल्यासारखं वाटायला लागलं. त्याची सवय दोन दिवसांत झाली. कंबरेचं मात्र काही होऊ शकलं नाही. शर्यतीत अर्ध्यापर्यंत ती पुढे होती. मग हात पाण्यातून वर यायलाच वेळ लागायला लागला. पहिल्या तिघींत काही ती नव्हती.

परत आलो तर बापू फाट्यावरच भेटले. मी मान खाली घालून सगळं सांगितलं, कापणीचंही.

बापूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी घाटाच्या तोंडावर तू गाड्याचा बैल नांगराला जुपलास."

"मला काय माहीत बापू."

"आगं, यात्रेच्या आदी आमी बैल पवायला धरनात नेतो, ते बी बंद करतो. रोज थोडा फिरवायचा, मधी एकदा छोटी पळ द्यायची, पाय मोकळं ऱ्हायला. बास. तुझा सर काय येगळं सांगत व्हता?"

सर जे दोन महिने सांगत होते तेच बापूंनी बैलावरून सांगितल्यावर मला मुळापर्यंत पोचलं. याचा सरांना थोडा राग आला असावा, पण त्यांनी दाखवला नाही. पैशांचं मी विचारलं तर बापू म्हणाले, "खुराकात गेलं."

शांताच्या घरच्यांनी तिला त्याच दिवाळीत नेलं ते परत पाठवलं नाही. ती जिल्ह्याला थोडक्यात मागे राहिली होती, आणखी एक वर्ष मिळतं तर काय झालं असतं कोणास ठाऊक. आता तिच्या सासरच्या विहिरीत ती गावातल्या पोरांना शिकवते. भेटली की हसते. मला ते दळण आठवतं.

नंदाला एक वर्ष मिळालं. किसनदादा स्पष्ट बोलले, "औंदा झालं ते झालं. फुडल्या साली बी न्हाई जमलं तर पोरगी घरी. एक स्थळ सांगून आलंय, त्यांना किती दिस थांबवू?" नंदा तेव्हा माझ्यामागे उभी होती. तिने माझ्या पदराचं टोक धरलं होतं, एवढंच मला कळलं.

पुढचं साल आलं. पुन्हा जिल्हा, पुन्हा पहिली, पुन्हा बापूंच्या बंडीतल्या नोटा. पुन्हा सरांनी पोहणं कमी करायला घेतलं. सकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "मावशी, यंदा नांगर नाही." मी म्हटलं, "नाही सर." आणि त्याच आठवड्यात गेटाशी किसनदादा. भात पिकलं की पिकतं, ते काही स्पर्धेची तारीख बघत नाही.

सर समजावू लागले. किसनदादा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "सर, तुमचं खरं आसंल. पन पोर हितं निजून ऱ्हानार आन्‌ माझं भात वावरात झडनार. मी कोनाकडं बघू?"

मी भाकऱ्यांच्या पिठाचे हात घेऊन दारात उभी होते. आमच्या डोंगरकडेच्या गावांत सावडीची रीत आहे. मी तुझ्या वावरात एक दिवस राबायचं, तू माझ्या वावरात एक दिवस. पैसा मध्ये येत नाही, माणसामागे माणूस एवढाच हिशोब. ती मला त्या क्षणी आठवली, आणि घसा कोरडा पडायच्या आत मी बोलून गेले.

"नंदाच्या वाट्याची सावड मी घालते."

किसनदादा माझ्याकडे बघतच राहिले. "तुमी? भात कापायला?"

"माझं माहेर मढचं आहे. विळा मलाही धरता येतो."

"आन्‌ मंग ही सावड मी फेडायची कशी?"

"नंदाला इथे निजू द्या. फिटली."

किसनदादांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग हसले. "बगा बरं. आमच्याकडं पाऊलभर बी सपाट रान न्हाई."

स्वयंपाकाला माझ्या जावेला बसवलं आणि मी निघाले. सर म्हणाले, मीही येतो. बापूंना कळल्यावर त्यांनी जीप काढली. घोडेगावावरून डोंगर चढून आम्ही त्या वाडीत पोचलो. खाली धुकं, वर पायऱ्यांसारखी भाताची खाचरं, पिवळीधमक.

सरांना विळा धरता येत नव्हता. मूठ धरायची सोडून ते एकेक काडी कापत होते. किसनदादांच्या बायकोने बांधावरून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. बापू बांधावर बसून यात्रेतल्यासारखे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, "मास्तरांचा बैल सुटला, सुटला, आन्‌ थांबला. पावणं, विळा हाये त्यो, खडू न्हाई." सरांनी दुपारपर्यंत बोट कापून घेतलं. तेच बोट, जे आदल्या वर्षी नंदाचं कापलं होतं. किसनदादांनी स्वतः चिंधी बांधली आणि म्हणाले, "सर, आता तुमी बी दोन आठवडं पवू नगा."

जेवायला नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा होता. मी एवढ्या वर्षांत दुसऱ्याच्या हातचं इतकं कधी खाल्लं नव्हतं. भात कापून, बांधून, खळ्यावर टाकूनच आम्ही खाली उतरलो. आठवडाभर माझी कंबर सरळ झाली नाही, पण नंदाची सरळ होती.

परत आले तर पोरगी भलतीच. इतकी गरीब नंदा, जावेला उलटून बोलली होती, ताट ढकललं होतं. सरांनी सांगितलं होतं की असं होतं, अंगात साचलेली ताकद चिडचिड करते. आणि खाणंही थोडं कमी करायला हवं होतं, कारण पोहणं कमी झालं. हे मला सगळ्यात जड गेलं. वाढणाऱ्या हाताला भाकरी मागे ठेवणं शिकवावं लागतं.

एका पहाटे ती अंथरुणात दिसली नाही. मी थेट बापूंच्या विहिरीवर गेले. एकटीच पोहत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"वर ये."

ती पायरीवर येऊन बसली, थरथरत. "मावशी, पानी मला वळखंना झालंय. हात जड लागत्यात. मी सगळं इसरले. औंदा बी न्हाई व्हायचं, मग घरी..."

मला समजावता येत नाही. मी तिला टॉवेलात गुंडाळून तशीच बापूंच्या गोठ्यात नेली. बापू धार काढत होते. मी त्यांना सांगितलं. ते उठले आणि त्यांनी नंदाला लक्ष्या बैलाच्या गव्हाणीपाशी नेलं. लक्ष्या निवांत रवंथ करत होता. गव्हाणीची जाड फळी मधोमध फुटलेली होती आणि तिच्यात शिंगाची बोटभर खोल खाच होती.

"ह्ये कवा झालं म्हाईत हाये? मागल्या चैतात, यात्रेच्या आदी. आठ दिस काम दिलं न्हवतं. दावं तोडाया बगत व्हता, मला जवळ येऊ देत न्हवता. आन्‌ घाटात गेला तवा..." बापूंनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. "तुला बी तसंच झालंय, पोरी. फळी फोडायची तर फोड, माझ्या विहिरीला हात लावू नगस. राग शिल्लक ठेव."

नंदाने त्या खाचेत बोट घातलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. त्यानंतर ती चोरून पोहायला गेली नाही.

तलावावर शर्यतीच्या वेळी मी जाळीमागे होते. तिच्या चपला आणि टॉवेल माझ्या हातात. पाण्यात सगळ्या डोक्यांवर टोप्या, त्यामुळे कोण कोणती ते मला कळेना. मग मी आवाज न करणारी शोधली. अर्ध्यावर ती चौथी का पाचवी होती. मला आदलं साल आठवलं आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सगळ्या काठाला लागलेल्या होत्या आणि पाटीवर आकडे येत होते. ते मला समजेनात म्हणून मी सरांकडे पाहिलं. सर ओल्या फरशीवर पँटसकट खाली बसले होते आणि चष्मा पुसत होते. हे चांगलं की वाईट, तेही मला कळेना.

नंदा जाळीपाशी आली. नेहमी शर्यतीनंतर तिला बोलता यायचं नाही. त्या दिवशी धाप सुद्धा फारशी नव्हती.

"मावशी, लई लवकर संपलं. आजून उरलीया."

"काय उरलं?"

"ताकद."

"आणि नंबर?"

"दुसरा."

मी तिला टॉवेल द्यायचा विसरून तोच माझ्या तोंडाला लावला.

किसनदादांनी त्या स्थळाला निरोप धाडला. काय निरोप धाडला ते त्यांनी मला सांगितलं, पण लिहिण्यासारखा नाही. नंदा खेळाडूंच्या वसतिगृहात गेली. जाताना माझ्या पाया पडायला आली तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, तिथे कोणी दळण निवडायला सांगितलं तर ऐकू नको.

आणि बापू. आम्ही स्पर्धेहून परतलो तेव्हा ते फाट्यावर उभेच होते. एस.टी.तून उतरल्या उतरल्या मी सांगितलं, दुसरी आली, निवड झाली. मला वाटलं, आता पोरीच्या पाठीवर हात ठेवतील. त्यांनी तळहात माझ्यापुढे पसरला.

"काडा. दोनी सालाचं."

"बापू, पहिल्या सालाचं खुराकात गेलं म्हणाला होता."

"हारला तर खुराकात. बैल जितला का न्हाई? मग खुराक दोनी सालाचा लागला. बुडवायला बगती का?"

सर हसायला लागले. किसनदादाही फाट्यावर आले होते, ते म्हणाले, सावडीने फेडतो, बापूंच्या रानात राबतो. बापू म्हणाले, रोख. मग मी पगारातून थोडे थोडे द्यायला लागले. बापू दर वेळी नोटा मोजून घ्यायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, आपली पोरगी जितली, वसुली चालू आहे. एखाद्या महिन्यात मी चुकले तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन मोठ्याने मागायचे, म्हणजे सगळ्या पोरींना ऐकू जायचं. नव्या आलेल्या पोरी विचारायच्या, कसले पैसे? मग बापू बसून पहिल्यापासून सगळं सांगायचे. तालुक्यात नंदाचं नाव झालं ते त्या वसुलीपायी.

पुढे नंदा पुण्याकडे एका तलावावर मुलींना शिकवायला लागली. तिच्या शिकण्यात आणि नोकरी मिळण्यात बरीच वर्षं गेली. पहिला पगार घेऊन ती चैत्रात यात्रेला आली. अजून तशीच बारीक, पण आता मोठ्याने बोलते. बापू थकले होते, घाटाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले. मी तिच्या मागे उभी राहिले. तिने फेडायचे उरलेले सगळे पैसे त्यांच्या हातात ठेवले.

बापूंनी एकेक नोट बोटाला थुंकी लावून मोजली. मला वाटलं, एखादी तरी नोट ते पोरीला आशीर्वाद म्हणून परत देतील. त्यांनी एकही दिली नाही. सगळ्या बंडीच्या आतल्या खिशात घातल्या, वरून खिसा दाबला, आणि आजूबाजूला बसलेल्या गाडेवाल्यांना सांगितलं, "फिटलं बरं का. पुरतं फिटलं."